फळ्याच्या कोपऱ्यातली चौकट

भादवा मला अजून नकोसा वाटतो. ऊन असं, की पाठीला चटका बसतो आणि सावलीत गेलं तरी घाम निथळतो. ज्वारी निसवलेली असते, तिच्या फुलोऱ्याचा हिरवट, जरासा उग्र वास वाऱ्यावर येत राहतो. तीळ फुललेला असतो, बांधावर अंबाडी डोक्याच्या वर गेलेली असते. शेतात सगळं उभं आणि घरात काहीच नाही, असे हे दिवस. श्रावणाचं कौतुक सगळे करतात, दिवाळीची वाट सगळे बघतात, भादव्याला कोणी विचारत नाही. मला मात्र तो विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही.

आज मंदाबरोबर रेशनच्या दुकानात आले आहे. मंदा आमच्याकडे पोळ्या करते. भांडी घासून घासून तिच्या अंगठ्यावरच्या रेषा झिजल्या आहेत, मशीन तिला ओळखत नाही आणि दुकानातला माणूस तिला दर महिन्याला परत पाठवतो. म्हणून सोबतीला ही म्हातारी मास्तरीण. रांगेत उभ्या होतो तोच टेम्पो आला आणि पोती उतरायला लागली. मी मोजत नव्हते. पण एकतिसावं, शेवटचं पोतं आत गेलं तेव्हा कळलं, की आपण मोजतोच आहोत. मान वर करून पाहिलं तर भिंतीवर नियमाप्रमाणे फळा. वर तेलरंगात झोकदार अक्षरांत लिहिलंय: आलेला साठा, वाटप, शिल्लक. खाली कोरं. माझ्या पर्समध्ये खडूचा तुकडा नेहमी असतो. तो बोटांना लागला आणि मी पर्स मिटून टाकली. एवढ्या वर्षांनीही तेच.

मी जन्मजात भित्री. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, माझ्या पाठी दोन-तीन तरी असावेत.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा पाच-सहा वर्षं झाली असतील. जळगाव जामोदहून सोनाळ्याकडे जाताना सातपुड्याच्या पायथ्याला आमचं गाव होतं. नाव लिहीत नाही. त्या माणसांची नातवंडं तिथं नांदताहेत आणि त्यांचा काही दोष नाही. मी बावीस वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीच्या वर्गावर. आई नव्हती. वडील, अण्णा, जन्मभर मास्तरकी करून निवृत्त झाले आणि वर्षभरात अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली. बोलणं दोन शब्दांवर आलं, ‘पाणी’ आणि ‘हो’. मी शाळेत असताना शेजारच्या वत्सलावहिनी त्यांच्याकडे बघत आणि गावातले वैद्य दिवसाआड येऊन हातापायाला तेल चोळून जात. माझी बदली झाली तर हे सगळं तुटणार होतं. सातपुड्यात वर एकशिक्षकी शाळा होत्या, नको असलेल्या मास्तरांना तिकडे धाडत. मला ‘बदली’ या शब्दाची जेवढी भीती वाटायची तेवढी सापाचीही वाटत नसे.

लागोपाठ दोन वर्षं पाऊस धड पडला नव्हता. पोळ्याला बैल सजले, पण घराघरांतल्या कणग्यांचा तळ दिसायला लागला होता. रेशनवर मिलो मिळायची, अमेरिकेतून आलेली ती लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना मोडायची, पोरं नाकं मुरडत खायची. पण तीही मिळाली तर. सोमवारी नांदुऱ्याच्या स्टेशनावरून ट्रक यायचा आणि बुधवारी बाजाराच्या दिवशी वाटप व्हायचं. रांगेतले वीस-पंचवीस जण झाले की दुकानाचं दार अर्धं लोटलं जाई आणि आतून आवाज येई, की माल संपला. दुकानदाराला सगळे भाऊसाहेब म्हणत. माणूस मोठा गोड बोलणारा. त्यांचे मेहुणे जिल्हा परिषदेत वजनदार. कुंपणच शेत खातंय हे गावात सगळ्यांना माहीत होतं, पण बायका रिकाम्या पिशव्या झटकत, घडी घालत आणि घरी जात.

त्याच पोळ्याला नानांनी ‘जागल मंडळ’ काढलं. नाना म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. उभं पीक रानडुकरांनी खाऊ नये म्हणून शेतकरी मचाणावर बसून जागल करतो, तशी यांनी रेशनच्या दुकानावर करायची ठरवली. मंडळाला ना पक्ष ना पुढारी. सभासद मोजून तीन: नाना, भाजी विकणारी काशीबाई आणि तिसरी, कोणाला न सांगता, मी. नियम दोनच. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच फळ्यावर लिहायचं, कोणाचं नाव नाही, चोर-लबाड असा एक शब्द नाही. आणि दोघांनी वेगवेगळं मोजून आकडा जुळल्याशिवाय काहीच लिहायचं नाही. एकट्यानं पाहिलं ती चहाडी, दोघांनी पाहिलं ती साक्ष, असं नाना म्हणत.

नाना वाचनालयाच्या ओसरीवर वर्तमानपत्र उघडून बसत. समोर दुकानाचं कोठार होतं. पोतं आत गेलं की नाना वर्तमानपत्राच्या समासात पेन्सिलीची एक उभी रेघ ओढत, बाहेर निघालं की आडवी. पलीकडे लिंबाखाली काशीबाई भाजीचा पसारा मांडून बसे. तिला विसापुढे मोजता येत नव्हतं. पण तिने आपली रीत काढली होती. पोतं आत गेलं की एक हिरवी मिरची बाजूला, पोतं बाहेर निघालं की एक लाल. मंगळवारी भर दुपारी, गाव जेवून आडवं झालेलं असताना, कोठाराशी बैलगाड्या लागत आणि काशीबाईच्या फडक्यावर लाल मिरच्या वाढत जात.

बुधवारी सकाळी दिवस उगवायच्या आधी ती पदराच्या दोन टोकांना दोन गाठी मारून माझ्या दाराशी येई. मी मिरच्या मोजायची, नानांनी आदल्या रात्री सांगितलेल्या आकड्याशी जुळवायची आणि लगेच तिला परत करायची. एकही मिरची मंडळाकडे राहता कामा नये असा नानांचा दंडक होता. लिहायला खडू शाळेचा चालायचा नाही, त्यासाठी नानांनी स्वतः डबी आणली होती. पहिल्या दिवशी मी काशीबाईला विचारलं, की तुला भीती नाही वाटत का. ती गाठ सोडता सोडता म्हणाली, “वाट्टे ना. पन भाजी इकाले बसलो का बसाच लागते बाई. डोये हायेत तं दिसतेच. आता डोये का घरी ठिऊन येऊ?”

नानांचा हात कापायचा, त्यांची अक्षरं मुंग्या पांगल्यासारखी जायची. म्हणून लिहिणं माझ्याकडे आलं. वाचनालयाच्या भिंतीला फळा होता, त्यावर एरवी सुविचार असे. मी काशीबाई गेल्यावर डोक्यावरून पदर घेऊन निघायची. तांबडं फुटत असायचं. कोणाच्या तरी अंगणात सडा पडल्याचा आवाज आला तरी मी भिंतीला चिकटायची. शाळेत दिवसभर ऐकून कान मेलेले, पण त्या शांततेत खडूचा किरकिराट साऱ्या गावाला ऐकू जाईल असं वाटे. माझं वळणदार अक्षर मी मुद्दाम तिरकं करायची, वेलांट्या आखूड करायची. लिहून झालं की घरी येऊन हात राखेने धुवायची आणि चुलीपुढे बसून राहायची. चहा तसाच निवून जाई. अण्णा पडल्या पडल्या माझ्याकडे बघत. त्यांना सगळं कळत होतं, असं मला तेव्हाही वाटायचं.

दुसऱ्या बुधवारची गोष्ट. मी बाजारात भाजी घ्यायला गेले, साळसूदपणे, जशा इतर बायका जातात तशी. फळ्यापुढे गर्दी होती. मीही मान उंचावली. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट होती. मीच काढलेली. तीत लिहिलं होतं: पट ८०, हजर ४६.

शाळेत रोज सकाळी मास्तर फळ्याच्या कोपऱ्यात अशी चौकट काढतो. पट म्हणजे वर्गात नाव असलेली मुलं, हजर म्हणजे आज आलेली. ती काढल्याशिवाय पहिला धडा सुरू होत नाही. माझ्या हाताने अक्षर बदललं होतं, वेलांट्या बदलल्या होत्या, आणि शेवटी मला न विचारता आपली रोजची चौकट काढून तो मोकळा झाला होता. ऐंशी पोती पटावर, सेहेचाळीस हजर. गर्दीतल्या एका म्हाताऱ्याने मोठ्याने विचारलं, “आन बाकीचे कुठी गेले बे?” कोणीतरी उत्तर दिलं, “मामाच्या गावाले गेले.” सगळे हसले. मीही हसले असावे. पिशवी मात्र दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवावी लागली.

संध्याकाळी नानांना म्हटलं, पुढच्या वेळी चौकट काढत नाही. ते म्हणाले, आता काढावीच लागेल, लोकांना तीच लवकर समजली. आणि एकदा दिसलेली चौकट पुसली, तर पुसणारा भ्यालाय हे दुकानदाराला कळेल. मला म्हणावंसं वाटलं, की कळू द्या, खरंच आहे ते.

भादव्याच्या पुनवेला घरोघरी भुलाबाई बसल्या. आमच्या वऱ्हाडात मुली महिनाभर रोज संध्याकाळी या घरून त्या घरी गाणी म्हणत फिरतात. गाणी संपली की झाकलेला खाऊ पुढे येतो आणि तो ओळखायचा असतो. डबा हलवून, आवाज ऐकून, वास घेऊन. ओळखला नाही तर झाकण उघडत नाहीत. मला लहानपणापासून तो खेळ आवडायचा. त्या वर्षी मात्र बंद झाकणाकडे बघून नको व्हायचं. आमच्याकडे मुली आल्या तेव्हा मी मिलोच्या लाह्यांना गूळ लावून ठेवला होता. मुली पेढा म्हणाल्या, करंजी म्हणाल्या, शंकरपाळे म्हणाल्या, शेवटी हरल्या.

मुलींबरोबर भाऊसाहेबांची बायको आली होती. तिची मुलगी माझ्याच वर्गात. ती बाई कधी कोणाच्या घरी जात नसे. सगळ्या उठल्यावर ती मागे राहिली. अण्णांची चौकशी केली, त्यांच्या पायांशी जरा उभी राहिली. मग दारात पायताण घालता घालता हळूच म्हणाली, “बाई, तुमचं अक्षर लई सुंदर हाय. माह्या पोरीले तसंच वळन लावा. आमच्या घरी रोज तुमच्याच अक्षराच्या गोष्टी निंगतेत.”

ती धमकी होती, की सावध करणं होतं, की साधंच बोलणं? एवढी वर्षं झाली, मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या संध्याकाळी चूल पेटवायचीसुद्धा राहून गेली. वत्सलावहिनींनी भाकरी आणून दिली तेव्हा अंधार पडला होता.

पुढच्या सोमवारी शाळेत शिक्षण खात्याचे विस्तार अधिकारी आले. कोरडे, थकलेले, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेले गृहस्थ. शाळेत आम्ही तिघं शिक्षक होतो. त्यांनी कोणालाच काही विचारलं नाही. म्हणाले, नेहमीसारखा फळा लिहा, मी बाहेर उभा राहतो. त्यांच्या हातात घडी घातलेला कागद होता. त्यावर बाजारातल्या फळ्याची नक्कल आहे, हे न बघता कळत होतं.

मी तारीख लिहिली, वार लिहिला, सुविचार लिहिला. खडू कोपऱ्याकडे गेला आणि मी तो आवरला. चौकट काढलीच नाही. आपण फार हुशारी केली असं क्षणभर वाटलं. साहेब तिन्ही वर्ग फिरून माझ्या वर्गात आले. मुलांना पाणी प्यायला बाहेर पाठवलं. फळ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “बाई, पंचवीस वर्षं मी फळे बघतोय. बाकीच्या दोघांनी चौकट काढलीय. ती न काढणारी मास्तरीण आज पहिल्यांदा पाहिली.”

त्यांनी खडू उचलून माझ्यापुढे धरला. “चौकट राहिली,” ते म्हणाले. मी काढली. पट ३८, हजर ३१. रेघा वाकड्या आल्या. साहेबांनी कागदाची घडी खिशात ठेवली आणि आवाज न चढवता मला सांगितलं, की परवाच्या बाजारी वाचनालयाचा फळा कोरा राहिला तर हे प्रकरण इथंच मिटेल, मलाही काही लिहावं लागणार नाही. नाही राहिला, तर वरच्या शाळेत एक जागा रिकामी आहे. दाराशी थांबून त्यांनी विचारलं, घरी कोण असतं. मी म्हटलं, वडील. त्यांनी मान खाली घातली आणि गेले. तेही भ्यालेले होते, हे मला फार पुढे उमगलं.

त्या संध्याकाळी नानांकडे जाऊन रडले. ते म्हणाले, तू घरी बैस, या खेपेला मी लिहीन, वेडंवाकडं का होईना. तुझ्यावर अण्णांचा भार आहे, तुला कोणी नावं ठेवणार नाही. मला इतकं हलकं वाटलं, की त्याचीच लाज वाटली.

बुधवारी उजाडायच्या आधी कडी वाजली. मी उठले नाही. गोधडी तोंडावर ओढून पडून राहिले. पुन्हा वाजली.

“बाई, मिरच्या मोजून घ्या ना हो. मले मळ्यात जा लागते.”

मी गोधडी आणखी घट्ट ओढली. मग काशीबाई दाराच्या फटीला तोंड लावून बोलली असावी, इतका आवाज जवळून आला. “काऊन भेऊन राह्यल्या? मी बी भेऊनच राह्यली. उंबऱ्यावर ठेवते.”

तिची पावलं लांब गेली. मी तशीच पडून होते. उजाडलं, कावळे ओरडले, बाजाराच्या गाड्या येऊ लागल्या. नानांचा आकडा त्यांच्या समासात होता, पण दुसरा आकडा माझ्या उंबऱ्यावर होता. तो जुळल्याशिवाय नाना फळ्यावर खडू लावणार नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणजे मी काही न करताच फळा कोरा राहणार होता. मला नुसतं झोपून राहायचं होतं. इतकं सोपं काम मला आयुष्यात कोणी सांगितलं नव्हतं.

“दार,” अण्णा म्हणाले.

मी गोधडी काढून त्यांच्याकडे पाहिलं. दोन वर्षांत ‘पाणी’ आणि ‘हो’ याखेरीज त्यांच्या तोंडून काही उमटलं नव्हतं. त्यांची नजर माझ्यावर नव्हती, दारावर होती. तोंड वाकडं झालं होतं, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली होती. “दार,” ते पुन्हा म्हणाले.

मी दार उघडलं. फडक्यावर मिरच्या होत्या, हिरव्या एका बाजूला, लाल एका बाजूला. हिरव्या पंच्याऐंशी. लाल एकोणचाळीस. दोनदा मोजल्या. मग फडकं बांधलं आणि निघाले. पदर डोक्यावर घ्यायचा राहून गेला होता, ते वाचनालयापाशी पोचल्यावर लक्षात आलं.

बाजार भरला होता. फळ्यापाशी नाना उभे, हातात खडू, फळा कोरा. मी आकडे सांगितले. नानांनी समासावर बोट ठेवलं, मान हलवली आणि खडू माझ्या हातात दिला. दुकानाच्या पायरीवर भाऊसाहेब पान चघळत उभे होते. त्यांच्या शेजारी कोण कोण होतं ते मी बघितलं नाही. मी माझ्या रोजच्या अक्षरात लिहिलं, तिरकं न करता. नानांच्या अक्षरापेक्षा ते काही फार चांगलं आलं नाही. शेवटी कोपऱ्यात चौकट काढली. पट ८५, हजर ४६. मागे बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. कोणी शाबासकी दिली नाही, कोणी हसलंही नाही. मी मिरच्या काशीबाईच्या पसाऱ्यावर ठेवल्या आणि शाळेत गेले, पहिली घंटा व्हायची होती.

त्या दिवशी दुकानाचं दार दिवस मावळेपर्यंत उघडं होतं. त्यानंतरचे काही बुधवारही. कोजागिरी झाली, भुलाबाईंचं विसर्जन झालं आणि तिसऱ्या दिवशी माझ्या बदलीचा कागद आला. अण्णांना बैलगाडीत गवतावर गोधडी अंथरून वर नेलं. तिथली माणसं चांगली होती, पण वैद्य नव्हता, वत्सलावहिनी नव्हत्या. थंडी फार. पुढच्या उन्हाळ्यात अण्णा गेले. ते खालीच राहिले असते तर आणखी जगले असते का, हे मी तेव्हापासून स्वतःला विचारते आहे. दर भादव्यात विचारते. ‘दार’ म्हणताना ‘ऊठ, उघड’ असं त्यांना म्हणायचं होतं, की वारा येतोय म्हणून नुसतं दार लावून घ्यायला सांगत होते, तेही मला माहीत नाही. मी गेल्यावर फळा कोण लिहितं हे कोणी कळवलं नाही. काशीबाईचा फक्त एवढा निरोप आला, की चौकट दर बाजारी असते.

टेम्पो रिकामा होऊन निघून गेला. रांग पुढे सरकली आहे. मंदाचा अंगठा मशीनने नाकारला, तिसऱ्यांदा पुसून ठेवला तेव्हा कसाबसा घेतला. मी दुकानातल्या पोराला विचारलं, की बाबा, हा फळा कोरा का. तो मोबाइलवरून मान न उचलता म्हणाला, “आजी, कोन वाचते हो आता? सगळं ऑनलाइन हाय.” रांगेतली माणसं जरा हसली. त्याच्यामागे खुर्चीवर बसलेल्या माणसाने मात्र मान वर केली, आणि मी कोण, कुठली, हे आठवायचा प्रयत्न करत माझ्याकडे बघत राहिला. ती नजर मला ओळखीची आहे.

आता माझी कुठे बदली व्हायची आहे? तरी भीती आहेच. खडू पर्समधून काढून मुठीत धरला आहे. फळा चार पावलांवर आहे. पण मी एकटीनेच मोजलं, आणि नाना आज असते तर त्यांनी लिहू दिलं नसतं. घरी जावं, असं मनात आलं. त्यात माझी सुटकाच होती, मला ती चांगली ओळखता येते.

मंदाने पिशवी खाली ठेवली. मी तिला कधी जागल मंडळाची गोष्ट सांगितलेली नाही. ती माझ्या मुठीकडे बघत होती, मग फळ्याकडे बघितलं, आणि खुर्चीवरच्या माणसाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, “एकतीस व्हते, आजी. मी बी मोजले.”